बीएमआय २४.६, कंबर ९५ सेंटिमीटर: ‘नॉर्मल’ शेऱ्यामागचे एक प्रकरण

चाकणच्या एका कारखान्यात लेखा विभागात काम करणारे ४४ वर्षांचे गृहस्थ. कंपनीच्या वार्षिक तपासणीत त्यांच्या अर्जावर उंची १७२ सेंटिमीटर, वजन ७०.५ किलो, बीएमआय २३.८ आणि पुढे शेरा ‘नॉर्मल’. उपाशीपोटी साखर १०८ होती, पण वजनापुढे ‘नॉर्मल’ लिहिलेले असल्याने त्या आकड्याकडे कोणी पाहिले नाही. सहा महिन्यांनी दुपारच्या जेवणानंतर डोळे मिटतात, तिसऱ्या मजल्यावर चढताना दम लागतो, अशी तक्रार घेऊन ते नेहमीच्या डॉक्टरांकडे गेले. वडिलांना पन्नाशीच्या आत मधुमेह झाला होता.

हे प्रकरण प्रातिनिधिक आहे. ही कुणा एका व्यक्तीची नोंद नाही. आपल्याकडच्या दवाखान्यांत वारंवार दिसणारे चित्र एका माणसाच्या आकड्यांत मांडले आहे.

मापे पुन्हा घेतली तेव्हा

अर्जावरची उंची त्यांनी तोंडी सांगितलेली होती आणि वजन बुटांसकट केलेले. दवाखान्यात बूट-मोजे काढून, टाचा, नितंब आणि खांदे भिंतीला टेकवून, नजर समोर ठेवून उंची मोजली: १६८.५ सेंटिमीटर. खिसे रिकामे करून, हलक्या कपड्यांत वजन: ६९.८ किलो.

बीएमआय म्हणजे किलोतले वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग. १.६८५ गुणिले १.६८५ म्हणजे २.८४. ६९.८ भागिले २.८४ म्हणजे २४.६. उंचीचा वर्ग होत असल्यामुळे उंचीतली चूक दुपटीने भोवते. वजन तेच ६९.८ धरले आणि उंची १७२ लिहिली, तर उत्तर २३.६ येते. साडेतीन सेंटिमीटरच्या फुगवट्याने निर्देशांक एका पूर्ण अंकाने खाली गेला. तोंडी सांगितलेल्या उंचीवर काढलेला बीएमआय आम्ही ग्राह्य धरत नाही, त्याचे कारण हेच.

मग कंबर. पँट ३४ नंबरची, म्हणजे साधारण ८६ सेंटिमीटर, असे त्यांनी सांगितले. पण पँट पोटाच्या खाली बांधलेली होती, आणि तयार कपड्यांवरचा नंबर प्रत्यक्ष मापापेक्षा बहुधा कमीच असतो. टेप कुठे धरायची याचा नियम ठरलेला आहे. कुशीत बोटाने चाचपून शेवटच्या बरगडीची खालची कड शोधायची, मग कमरेच्या हाडाची वरची कड शोधायची आणि दोन्हींच्या मधोमध खूण करायची. टेप त्या खुणेवरून जमिनीला समांतर फिरवायची, त्वचेला टेकेल पण रुतणार नाही इतपत. साधा श्वास सोडून झाला की आकडा वाचायचा. पोट आत ओढायचे नाही, श्वास रोखायचा नाही, शर्टावरून मोजायचे नाही. दोनदा मोजून एक सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर तिसऱ्यांदा मोजायचे. बेंबीवर मोजणे सोपे वाटते, पण सुटलेल्या पोटात बेंबी खाली सरकते आणि माप दर वेळी वेगळे येते.

आकडा आला ९५.

कोणत्या रेषेने पाहायचे

जागतिक आरोग्य संघटनेच्या सर्वसाधारण वर्गीकरणात प्रौढांसाठी १८.५ ते २४.९ हे निरोगी वजन, २५ पासून जास्त वजन आणि ३० पासून लठ्ठपणा. त्या पट्टीवर २४.६ आतच बसतो. पण आशियाई लोकांत मधुमेह आणि हृदयविकाराचा धोका कमी बीएमआयलाच वाढू लागतो, हे ध्यानात घेऊन संघटनेच्याच तज्ज्ञगटाने २००४ मध्ये आशियाई लोकसंख्येसाठी २३ आणि २७.५ हे कृतीचे टप्पे सुचवले. भारतातल्या तज्ज्ञांनी २००९ च्या सहमती निवेदनात रेषा आणखी स्पष्ट केली: २३ ते २४.९ जास्त वजन, २५ पासून लठ्ठपणा. कंबरेसाठी पुरुषांची मर्यादा ९० सेंटिमीटर, स्त्रियांची ८०. म्हणजे हे गृहस्थ बीएमआयने भारतीय पट्टीवर ‘जास्त वजन’ गटात, आणि कंबरेने मर्यादेच्या पाच सेंटिमीटर पुढे.

आणखी एक सोपी कसोटी आहे: कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी असावी. इथे निम्मे म्हणजे ८४. ९५ भागिले १६८.५ म्हणजे ०.५६.

भारतीयांसाठी वेगळी रेषा का, याचे उत्तर पुण्यातच सापडते. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचे एक छायाचित्र २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ने छापले. दोघांचाही बीएमआय २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. वजन आणि उंचीच्या गणितात दोघे सारखे, आतून मात्र वेगळे. पुण्याजवळच्या खेड्यांतल्या गर्भवतींवर याज्ञिक यांच्या गटाने केलेल्या अभ्यासात हा फरक जन्मापासून दिसला. तिथली बाळे सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. वजन, स्नायू, पोटातले अवयव यांत आपली बाळे बरीच मागे. त्वचेखालच्या चरबीत मात्र तेवढी मागे नव्हती. बारीक दिसणारे, पण चरबीचे प्रमाण राखून असलेले बाळ. हेच शरीर चाळिशीत खुर्चीवर बसते, तेव्हा हातपाय बारीकच राहतात आणि चरबी पोटात साठते.

बीएमआयला हे दिसत नाही, कारण तो त्यासाठी बनलेलाच नव्हता. १८३० च्या दशकात बेल्जियमचे अदोल्फ केतले लोकसंख्येची सरासरी शरीरमापे मांडत होते, तेव्हा हे गुणोत्तर आले. १९७२ मध्ये अँसेल कीज यांनी त्याला आजचे नाव दिले. हजारो लोकांचे चित्र एका नजरेत पाहायला ते उत्तम आहे. एका माणसाच्या वजनात स्नायू किती, चरबी किती आणि ती कुठे, हे त्यातून कळत नाही.

पोटाच्या आत, आतड्यांभोवती आणि यकृतात साठलेली चरबी जास्त त्रासदायक का? मांडी-नितंबांच्या त्वचेखालची चरबी तुलनेने शांत पडून असते. ती कोठारे भरली की उरलेली चरबी यकृतात, स्वादुपिंडात आणि स्नायूंत शिरते. पोटातल्या चरबीतून सुटणारी मेदाम्ले यकृताकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीतून थेट तिथे पोहोचतात. यकृत इन्सुलिनला दाद देईनासे होते, रात्रभर नको तितकी साखर रक्तात सोडते आणि ट्रायग्लिसराइड ही रक्तातली चरबी बनवत राहते. म्हणून सकाळची उपाशीपोटीची साखर अशा माणसात आधी चढते.

तपासण्या

उपाशीपोटी साखर १०८ (मधुमेहपूर्व अवस्था १०० ते १२५). एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी तपासणी, ६.० (५.७ ते ६.४ मधुमेहपूर्व). ट्रायग्लिसराइड २१२, एचडीएल (‘चांगले’ कोलेस्टेरॉल) ३६, रक्तदाब १२८/८२. यकृताचे एन्झाइम एएलटी ५८, एएसटी ४१, प्लेटलेट २ लाख ४० हजार. सोनोग्राफीत पहिल्या पायरीचे, म्हणजे सौम्य, चरबीयुक्त यकृत. मद्य घेत नाहीत. हिपॅटायटिस बी आणि सी नाही, थायरॉइड ठीक, हिमोग्लोबिन १४.२.

हिमोग्लोबिन मुद्दाम पाहिले. लोहाच्या कमतरतेने रक्त कमी असेल तर एचबीएवनसी खऱ्यापेक्षा वर दिसू शकतो. आपल्याकडे स्त्रियांच्या बाबतीत ही फसगत फार होते. यकृतात तंतू पडू लागलेत का याचा अंदाज वय, दोन एन्झाइमे आणि प्लेटलेट यांवरून काढला जातो. त्याला फिब-फोर म्हणतात. इथे तो ०.९९ आला, १.३ च्या खाली, म्हणजे तूर्त काळजीचे कारण नाही.

चयापचय बिघाडाचे पाच निकष असतात: कंबर, ट्रायग्लिसराइड, एचडीएल, रक्तदाब, साखर. तीन लागू झाले की निदान होते. इथे चार लागू होते. आणि अर्जावर ‘नॉर्मल’.

आधीचा प्रयत्न आणि तो का फसला

रिपोर्ट हाती आल्यावर त्यांनी डॉक्टरांकडे परत जाण्याआधीच रात्रीचे जेवण बंद केले. रात्री फक्त काकडी-टोमॅटो, सकाळी लिंबू-मध पाणी. तीन आठवड्यांत वजन ६६.६ झाले. घरात आनंदीआनंद. कंबर मात्र ९५ वरून ९४. बद्धकोष्ठ, चिडचिड, संध्याकाळी हात थरथरणे सुरू झाले, म्हणून सोडून दिले, आणि पाच आठवड्यांत वजन पुन्हा ६९.४.

एक किलो चरबीत साधारण ७,७०० कॅलरी असतात. ३.२ किलो निव्वळ चरबी जायला सुमारे २४,६०० कॅलरींची तूट लागते, म्हणजे २१ दिवस रोज जवळपास १,१७० ची. एक जेवण सोडून तेवढी तूट पडत नाही. गेले ते बरेचसे पाणी होते. यकृत आणि स्नायूंतल्या ग्लायकोजेनच्या (साठवलेल्या साखरेच्या) प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे ३ ग्रॅम पाणी बांधलेले असते. पीठ-भात तुटला की दोन्ही एकदम जातात आणि खायला लागले की एकदम परततात. शिवाय प्रथिने आणि व्यायाम दोन्ही नसताना जे खरोखर घटते त्यात स्नायूंचाही वाटा असतो. वजन परत येते तेव्हा मुख्यतः चरबीच्या रूपात. असे फेरे वारंवार घेणारा माणूस काट्यावर तोच आकडा पाहतो आणि शरीरात आणखी बिघडतो. आमच्या मते उपाशी राहण्याचा हा मार्ग काहीच न करण्यापेक्षा फारसा बरा नाही.

नवी आखणी

उद्दिष्ट ठरवताना बीएमआय २२.९ ला येणारे वजन काढले: २२.९ गुणिले २.८४ म्हणजे ६५ किलो. अमेरिकेतल्या मधुमेह प्रतिबंध अभ्यासात ७ टक्के वजनघट आणि आठवड्याला १५० मिनिटे व्यायाम हे लक्ष्य ठेवलेल्या गटात मधुमेहाचा धोका ५८ टक्क्यांनी कमी झाला होता. ६९.८ चे ७ टक्के म्हणजे ४.९ किलो, उरतात ६४.९. दोन्ही हिशेब एकाच जागी आले. भारतातल्या तशाच अभ्यासात (२००६) घट २८.५ टक्के होती, तीही वजनात विशेष फरक न पडता. म्हणून काट्यापेक्षा कंबरेला मान दिला: सहा महिन्यांत आधी ९० च्या आत, मग ८४ कडे. मुदत मुद्दाम सैल ठेवली.

सात दिवसांच्या खाण्याची नोंद घेतली. पोळ्या ताटात दिसतात, तेल दिसत नाही. म्हणून तेलाचा हिशेब महिन्याच्या वाणसामानावरून केला. चार माणसांच्या घरात महिन्याला ५ लिटर तेल, म्हणजे माणशी रोज सुमारे ४२ मिलिलिटर, ३८ ग्रॅम, ३४० कॅलरी. बाहेरचा वडापाव यात नाही. ते ३ लिटरवर आणायचे ठरले: माणशी २५ मिलिलिटर, सुमारे २०५ कॅलरी. बाटलीतून थेट ओतायचे नाही, फोडणीला मोजून चमचा. महिन्याचा कॅन पंचविसाव्या दिवशी संपला तर तो संपला. या एका नियमाचा फायदा घरातल्या चौघांना झाला, आणि स्वयंपाक करणाऱ्या पत्नीला ‘याचे वेगळे, त्याचे वेगळे’ करावे लागले नाही. तसे करावे लागले असते, तर आखणी महिनाभरही टिकली नसती.

चहा दिवसाला पाच कप, प्रत्येकी दोन चमचे साखर: ५० ग्रॅम, २०० कॅलरी. दोन कप, एकेक चमचा: ४०. संध्याकाळचे फरसाण साधारण ५० ग्रॅम, २५० कॅलरीच्या घरात. त्याऐवजी ३० ग्रॅम फुटाणे, ११० च्या आसपास. डब्यातल्या चार पोळ्यांच्या तीन, रात्रीच्या तीनच्या दोन. बटाट्याची भाजी आठवड्यातून एकदा. वजाबाकी झाली ती साधारण ६५० कॅलरींची. मग बेरीज: डब्यात मटकी-मुगाची उसळ किंवा घट्ट वरण, सकाळी दोन अंडी, रात्री वाटीभर दही, एकूण ४५० कॅलरींच्या आसपास. निव्वळ तूट सुमारे २००.

ही बेरीज सोडून चालत नाही. प्रथिनांचे लक्ष्य दिवसाला ६५ ग्रॅमच्या आसपास ठेवले, लक्ष्यवजनाच्या दर किलोला एक ग्रॅम. दोन अंड्यांत १२, ५० ग्रॅम सुक्या मटकीच्या उसळीत ११, पाच पोळ्यांत १५ ते १७, २०० ग्रॅम दह्यात ६-७, फुटाण्यांत ६. बाकीचे वरण, भाजी आणि दुधातून. पातळ आमटीला ‘डाळ खातो’ म्हणून मोजायचे नाही. वाटीत डाळ किती आणि पाणी किती हे पाहायचे. मूत्रपिंडाचा आजार असलेल्याने प्रथिने वाढवण्याआधी क्रिएटिनिन तपासलेच पाहिजे. यांचे ठीक होते.

चालणे आठवड्यात पाच दिवस ३० मिनिटे, बोलता येईल पण गाता येणार नाही इतक्या वेगाने. शिवाय दुपारी आणि रात्री जेवणानंतर १०-१५ मिनिटे. जेवणानंतरची साखर याने खरोखर खाली राहते आणि दुपारची ती झोपही जाते. आठवड्यातून दोनदा बळाचे व्यायाम: खुर्चीला टेकून बैठका, आधी ओट्यावर आणि मग जमिनीवर जोर, पाण्याने भरलेल्या दोन लिटरच्या बाटल्या उचलणे. तीन फेऱ्या, प्रत्येकी ८ ते १२. स्नायू वाढला की जेवणातली साखर ठेवायला शरीराला जागा मिळते.

वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनांविषयी त्यांनी विचारले. बीएमआय २५ च्या आत, मधुमेह अजून नाही, घर साथ द्यायला तयार. इथे गरज नव्हती. २००९ च्या भारतीय निवेदनात औषधांचा विचार बीएमआय २७ पासून, किंवा जोडीला आजार असेल तर २५ पासून सुचवला होता, शस्त्रक्रियेचा ३७.५ पासून, आजारांसह ३२.५ पासून.

मधला अडथळा

सहाव्या आठवड्यात वजन ६८.३, कंबर ९३. बाराव्यात ६६.९ आणि ९०.५. मग गाडी अडली. चौदाव्या ते विसाव्या आठवड्यात काटा ६६.८ ते ६७.१ यांतच फिरत राहिला. जिममधल्या मित्राच्या सांगण्यावरून त्यांनी तिथल्या मशीनवर चरबी मोजली: सकाळी २६ टक्के, दुसऱ्या दिवशी व्यायामानंतर २३. असे यंत्र शरीरातून अतिसौम्य वीजप्रवाह सोडून पाण्याच्या प्रमाणावरून अंदाज बांधते. घाम गेला, पाणी प्यायले, जेवले, की आकडा हलतो. पाहायचेच तर दर वेळी त्याच यंत्रावर, सकाळी, उपाशीपोटी.

खरे कारण नोंदवहीत सापडले. तेल ठरल्याइतकेच होते. पण फुटाण्यांच्या जागी शेंगदाणे आले होते, रोज मूठभर, ३० ग्रॅम म्हणजे १७० कॅलरी. कोशिंबिरीत दाण्याचे कूट सढळ हाताने पडत होते. शनिवारी उपवास म्हणून साबुदाण्याची खिचडी, तीही दोनदा. दाणे वाईट नाहीत, हिशेबाबाहेर होते. दुसरे कारण देहाचे: वजन उतरले की शरीराचा खर्चही थोडा उतरतो, आणि सुरुवातीची २०० ची तूट तेवढी उरत नाही. शेंगदाणे आठवड्यातून तीनदा, खिचडीऐवजी वरईचा भात आणि दही, चालणे ४० मिनिटे. या सहा आठवड्यांत वजन थांबले तरी कंबर ९०.५ वरून ८९.५ झाली होती. बैठकांमुळे चरबीच्या जागी स्नायू येत होता. काट्यावरच भिस्त ठेवली असती तर इथे त्यांनी सगळे सोडले असते.

त्याच घरातले दोन आकडे

त्यांची ७२ वर्षांची आई म्हणाली, मीही कमी खाते. तिचे वजन ५५, उंची १४७, बीएमआय २५.५, भारतीय पट्टीवर लठ्ठ. जुन्या कागदात उंची १५२ होती. त्या उंचीने तोच निर्देशांक २३.८ येतो. मणके दबून उंची घटली होती आणि लक्ष द्यायला हवे होते ते हाडांकडे. या वयात न ठरवता सहा-बारा महिन्यांत ५ टक्के वजन गेले तर ती धोक्याची खूण असते. तिला कमी खायला नव्हे, रोज एक अंडे आणि खुर्चीवरून हात न टेकता दहादा उठायला सांगितले.

कबड्डी खेळणारा २४ वर्षांचा पुतण्या: १७५ सेंटिमीटर, ८२ किलो, बीएमआय २६.८. कंबर ८१. त्याला काही करायचे नाही.

सहा महिन्यांनंतर

वजन ६५.६, कंबर ८७, बीएमआय २३.१. उपाशीपोटी साखर ९७, एचबीएवनसी ५.७, ट्रायग्लिसराइड १४६, एचडीएल ३९, एएलटी ३४, रक्तदाब १२४/८०. पाचपैकी आता एकच निकष लागू, एचडीएलचा, आणि तो बहुधा सावकाश हलतो. बीएमआय जेमतेम दीड अंकाने उतरला. आंतरराष्ट्रीय पट्टीवर तो आधीही ‘नॉर्मल’ होता, आताही आहे. मधल्या काळात यकृत आणि साखर यांत जे घडले त्याची त्या पट्टीवर रेषभरही नोंद नाही.

काम पुरे झालेले नाही. एचबीएवनसी अजून मधुमेहपूर्व कक्षेच्या उंबऱ्यावर आहे आणि कंबर ८४ च्या वर. आखणी तशीच पुढे चालू आहे: आठवड्यातून एकदा सकाळी वजन, महिन्यातून एकदा कंबर. लग्नसराई, गणपती आणि दिवाळीत दीड किलो वाढणार हे धरलेले आहे. वजन सलग तीन आठवडे ६७ च्या वर राहिले किंवा कंबर ८९ च्या पुढे गेली, तर तेलाचा हिशेब आणि सात दिवसांची नोंद पुन्हा सुरू करायची. रक्ताच्या तपासण्या सहा महिन्यांनी, नंतर दरवर्षी. एचबीएवनसी ६.५ किंवा उपाशीपोटी साखर १२६ अशी दोनदा आली तर मधुमेहाचे निदान करून औषध सुरू करायचे, हे त्यांना आणि पत्नीला आधीच समजावून दिले आहे. कंपनीच्या पुढच्या तपासणीत अर्जावर उंची १६८.५ लिहायची आणि कंबरेचे माप स्वतःहून घ्यायला लावायचे, तेही.